वर्गाला सर आले का बाई, यावरून डोकं फोडायच्या आधी हे तपासा

जून उजाडला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पडतोच पडतो, "सहावीच्या गणिताला यंदा सर नाहीत म्हणे, बाई आल्यात." खाली लगेच दोन-चार रडके चेहरे, मग कोणीतरी टाकतं की पोरं आता डोक्यावर मिऱ्या वाटणार. आणि पहिलीच्या वर्गाला सर आले की उलटी रड, एवढी एवढी लेकरं, सरांना काय कळतंय त्यातलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत अठरा वर्षं गणित-विज्ञान शिकवतेय, त्यामुळे त्या मेसेजमधली "बाई" बऱ्याचदा मीच असते, आणि घरी माझीही दोन पोरं शाळेत जातात त्यामुळे ग्रुपच्या दुसऱ्या टोकालाही मीच. तर दोन्हीकडून मार खाल्लेल्या माणसाने सांगितलेलं आहे असं समजून वाचा.

पहिलं काम म्हणजे तक्रार नक्की कशाची आहे ते स्वतःलाच विचारा. "बाई नकोत, सर पाहिजेत" या वाक्याच्या पोटात वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. कोणाला शिस्तीची भीती असते, कोणाला वाटतं बायकांना गणित-विज्ञान झेपत नाही (तोंडावर कोणी म्हणत नाही, पण म्हणायचं तेच असतं), आणि कोणाला खरी भीती असते ती रजेची. ही शेवटची तक्रार मला पटते, फक्त ती बाईंवर काढू नका. बाळंतपणाची १८० दिवसांची रजा हा हक्क आहे, प्रश्न असा आहे की तेवढे सहा महिने वर्गावर कोण? तेव्हा मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारायचं ते "पर्यायी शिक्षक कधी देताय", आणि हे लेखी विचारायचं. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका, असं शिक्षणहक्क कायद्यातच आहे, म्हणजे विचारायला बाहेरून कोणी यायची गरज नाही, तुम्हीच विचारा.

आता रिसर्च काय सांगतो ते थोडं, कारण ग्रुपवर कोणीतरी "संशोधनाने सिद्ध झालंय" असं टाकणारच.

आपल्याकडचाच अभ्यास आधी बघा. कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ यांनी आंध्र प्रदेशातल्या सरकारी प्राथमिक शाळांमधल्या मुलांचे मार्क वर्षानुवर्षं पाहिले, तो पेपर २०१६ साली आला. त्यात निघालं असं की ज्या वर्षी मुलींना बाई शिकवतात त्या वर्षी मुलींची प्रगती जरा जास्त होते, आणि मुलांचं मात्र काही नुकसान होत नाही. जास्त म्हणजे किती, तर ०.०३६ प्रमाण विचलन. आता हा आकडा कसा वाचायचा ते सांगते. शंभर मुली मार्कांप्रमाणे ओळीत उभ्या केल्या आणि बरोबर मधली एक उचलली, तर वर्षभरात ती साधारण दीड जागा पुढे सरकेल. दीड! पुढची दीड जागा फुकट मिळत असेल तर कोण सोडेल, पण त्यासाठी घर बदलायचं किंवा पोरीला दुसऱ्या शाळेत टाकायचं एवढी काही ती नाही.

दक्षिण कोरियात मिडल स्कूलमध्ये मुलं वर्गात चिठ्ठी टाकल्यासारखी वाटली जातात, म्हणजे हुशार पोरं मुद्दाम अमक्या सरांकडे असा प्रकार नाही, म्हणून तिथला निकाल जास्त भरवशाचा. तिथे बाईंच्या हाताखालच्या मुली सरांच्या हाताखालच्या मुलींपेक्षा ०.०८ ते ०.१० ने पुढे दिसल्या, आपल्या रांगेच्या हिशोबात तीन-चार जागा, आणि मुलांना फरक शून्य. अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीतही विद्यार्थी असेच आपोआप वाटले जातात, सिलॅबस एक, पेपर एक. तिथे गणित-विज्ञानाला महिला प्राध्यापक मिळालेल्या मुलींचा निकाल चांगलाच सुधारला, त्यातही गणितात मुळात तरबेज असलेल्या मुलींना जास्त फायदा, त्या पुढे विज्ञान-इंजिनिअरिंगकडे टिकून राहिल्या. मुलांवर इथेही विशेष परिणाम नाही.

पण लगेच हुरळून जाऊ नका. इंग्लंडमध्ये अकरा वर्षांच्या मुलांचे चारशेच्या वर वर्ग तपासले तिथे सर का बाई याने काहीच फरक सापडला नाही, आणि मुलग्यांना "पुरुष आदर्श" समोर असला की ते सुधारतात हा जो आवडता समज आहे त्यालाही आधार मिळाला नाही. स्वीडनमध्ये मोठ्या वर्गांचा डेटा पाहिला, तिथेही ठोस काही नाही. अमेरिकेतच थॉमस डी यांनी आठवीच्या मुलांचा डेटा घेऊन २००७ मध्ये म्हटलं की मुलांना सर आणि मुलींना बाई असल्या की दोघांचंही थोडं बरं होतं. म्हणजे ज्याला जे म्हणायचंय त्याला त्याचा पेपर मिळतो. मी सगळं वाचून एवढंच धरलंय की फरक पडतो तिथे तो बारीक असतो, जास्त करून मुलींना पडतो, आणि बाई आल्यामुळे मुलग्यांचं वाटोळं झालं असं यातल्या बहुतेक ठिकाणी दिसलेलं नाही. आणि तो बारीक फरकसुद्धा येतो कुठून, तर वर्गात कोणाशी कसं वागलं जातं यातून. कोरियात मुलींनीच सांगितलं की बाई आम्हाला बोलायला जास्त वाव देतात, सगळ्यांना सारखं धरतात. हे वागणं सरांनाही जमू शकतं आणि बाईंनाही न जमू शकतं. मला जमत नव्हतं, ते पुढे सांगते.

मार्कांची तुलना करताना हमखास होणारी चूक

"गेल्या वर्षी सर होते तेव्हा वर्गाची सरासरी ५८ होती, बाई आल्या आणि ५४ झाली." हे वाक्य मी मीटिंगमध्ये माझ्या तोंडावर ऐकलंय. घरी येऊन वही काढली. पाचवीत वर्गात २८ पोरं, सरासरी ५८. पाचवीनंतर त्यातली तीन, नव्वदच्या आसपास मार्कवाली, एक नवोदयला लागलं आणि दोन तालुक्याच्या शाळेत गेली. उरली पंचवीस. करा हिशोब, २८ गुणिले ५८ म्हणजे १६२४, त्यातून २७० वजा, १३५४, भागिले २५, उत्तर ५४ आणि वर थोडं. म्हणजे एकाही पोराचा एकही मार्क कमी न होता सरासरी चारने पडली, आणि बिल माझ्या नावावर.

त्यामुळे वर्गाची सरासरी सोडा, फक्त आपल्या पोराचं बघा, आणि तेही वरचा आकडा नको, पेपर उघडून बघा. पाचवीचा पेपर आणि सहावीचा पेपर हे दोन वेगळे प्राणी आहेत, सहावीत पूर्णांक संख्या येतात, समीकरणं येतात, शाब्दिक उदाहरणं लांबतात, सगळ्यांचेच थोडे मार्क उतरतात. बघायचं ते असं की चूक कुठे होतेय, आकडेमोडीत का उदाहरण समजण्यात? आणि बाईंनी किंवा सरांनी चुकीच्या पायरीवर खूण केलीय का नुसती वर फुली मारून पुढे गेलेत? वही तपासायची पद्धत बघितली की शिक्षकाबद्दल जेवढं कळतं तेवढं त्याच्या नावापुढच्या श्री-श्रीमतीवरून कळत नाही, हे माझं अठरा वर्षांचं मत आहे आणि मी ते बदलणार नाही. तीन महिन्यांच्या वह्या एका बैठकीत चाळा, अर्धा तास लागतो.

पोरगं सांगतं "सर भारी शिकवतात" किंवा "बाई बोअर करतात", ते ऐका पण त्याला शेवटचा शब्द समजू नका. २०१५ चा अमेरिकेतला एक छोटासा प्रयोग आहे, ऑनलाइन कोर्समध्ये तेच शिक्षक एका गटाला पुरुषाच्या नावाने आणि दुसऱ्या गटाला बाईच्या नावाने शिकवत होते. विद्यार्थ्यांनी पुरुषाच्या नावाला जास्त चांगले शेरे दिले, पेपर वेळेवर तपासून देतात या बाबतीतसुद्धा, आणि गंमत म्हणजे पेपर सगळ्यांना एकाच वेळी परत दिले होते. कॉलेजची पोरं होती ती. आपली तर सहावीची, त्यांच्या तोंडात अर्धं आपलंच बोलणं असतं.

आठवडाभर घरी करायचा उद्योग

शाळेतून आल्यावर "आज काय शिकवलं" विचारू नका, उत्तर "काही नाही" हे ठरलेलं आहे. त्याऐवजी रोज एकच विचारा, "आज तुला काय प्रश्न विचारला?" सोमवार ते शनिवार, कॅलेंडरवरच लिहून ठेवा. सहा दिवसांत एकदाही कोणी काही विचारलं नसेल तर ती बातमी आहे, मग शिकवणारे सर असोत का बाई. आणि विचारलं असेल तर काय विचारलं? "सातचा पाढा म्हण" हा एक प्रश्न, आणि "हे उत्तर असंच का आलं, फळ्यावर येऊन दाखव" हा वेगळा प्रश्न.

दुसरं, सहज गप्पात काढून घ्या की वर्गातली कामं कोण करतं. वर्ग झाडणं, पाहुणे आले की चहा-पाणी, स्वागताला ताटं घेऊन उभं राहणं कोणाकडे, आणि प्रोजेक्टर लावणं, प्रयोगाचं सामान काढणं, बेल देणं कोणाकडे. आमच्या शाळेत कित्येक वर्षं पहिली यादी मुलींची आणि दुसरी मुलांची होती आणि यादी करणाऱ्यांत आम्ही दोघी बायकाच होतो. कोणी मुद्दाम करत नाही हो, हाताला जे लागतं ते होतं. पण प्रयोगाचं सामान जे काढतं तेच ते हाताळतं, आणि हाताळलेलं डोक्यात राहतं.

आता माझी चूक. दोन-तीन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात सांगितलं होतं की आपल्याच तासाची मोजणी करा, मला वाटलं मला काय गरज, मी तर बाई आहे, मुलींकडे माझं लक्ष आहेच. तरी केली. मागच्या बाकावर एक मुलगी आणि एक मुलगा बसवला, हातात हजेरीची झेरॉक्स, बाई ज्याला प्रश्न विचारतील त्याच्या नावापुढे रेघ मारायची, का-कसं असा प्रश्न असला तर रेघेवर गोल. पस्तीस मिनिटांचा तास, वर्गात १४ मुली आणि १५ मुलं. मी बावीस प्रश्न विचारले, त्यातले सोळा मुलांना. आणि गोल सगळे मिळून सात, त्यातला मुलींच्या वाट्याला एक. एक! मला वाटत होतं मी सारखंच विचारते. कारण नंतर लक्षात आलं, मुलं "बाई मी, बाई मी" करत अर्धी उभी राहतात आणि आपण आवाजाच्या दिशेने बोट करतो, मुली हात वर करतात पण कोपर बाकावर टेकवून, तो हात दिसतच नाही.

मग उपाय अगदी साधा केला, बिस्किटाच्या डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या, प्रश्न आधी विचारायचा, मनात दहापर्यंत मोजायचं, मग चिठ्ठी काढायची. क्रम महत्त्वाचा, नाव आधी घेतलं तर बाकीची अठ्ठावीस पोरं सुटली म्हणून खिडकीबाहेर बघतात. पहिला आठवडा बेकार गेला, मागच्या बाकावरच्या पोरी नुसत्या उभ्या राहून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्याच बोलायला लागल्या, चुकायला पण लागल्या, जे मला जास्त हवं होतं. तुम्ही शिक्षक असाल तर ही मोजणी उद्याच करा, खर्च एका झेरॉक्सचा. तुम्ही पालक असाल तर वर्गात बसून मोजायला जाऊ नका, ते कोणालाच आवडणार नाही, पण समितीच्या बैठकीत "आपल्या शाळेत असं करून बघूया का" म्हणून सुचवता येतं. एका शिक्षकाचं नाव न घेता सुचवा, सगळ्यांसाठी.

घरातलं बोलणं बदला

ही पायरी लोक सोडून देतात. २०१० चा एक अभ्यास आहे, सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या सतरा शिक्षिका घेतल्या होत्या. ज्या बाईंना स्वतःलाच गणिताची धास्ती, त्यांच्या वर्गातल्या मुलींच्या गणितात वर्षाच्या सुरुवातीला काही फरक नव्हता, वर्षाच्या शेवटी मात्र दिसला. "गणित मुलांचं, वाचन मुलींचं" असं ज्या मुलींच्या डोक्यात बसलं होतं त्या मागे पडल्या. मुलग्यांवर परिणाम नाही. म्हणजे बघा, नुसत्या बाई असून भागत नाही, गणिताला घाबरणाऱ्या बाई मुलींना उलट नडू शकतात. अजून एका अमेरिकन अभ्यासात गरीब वस्तीतल्या प्राथमिक शाळांमध्ये बाईंकडच्या मुलींचं गणित चक्क घसरलेलं दिसलं, पण बाईंचा स्वतःचा गणिताचा पाया पक्का होता तिथे ती घसरण नव्हती. म्हणून विचारायचंच असेल तर शिक्षकाने पदवीला कोणता विषय घेतला होता ते विचारा, हा प्रश्न रास्त आहे, आणि सरांनाही विचारा. गणिताचा तास पद रिकामं आहे म्हणून भाषेच्या माणसाच्या गळ्यात पडतो, हे सर्रास होतं आणि त्याची काळजी खरंच करायला पाहिजे.

पण ही धास्ती फक्त शाळेतून येत नाही ना. "मला पण गणित कधी जमलं नाही बाई, तुझ्या पप्पांना विचार" हे वाक्य किती घरांत रोज म्हटलं जातं. मी स्वतः वर्गात म्हणायचे, पोरींना धीर यावा म्हणून, की घाबरू नका मलाही शाळेत गणित आवडायचं नाही. धीर नाही येत त्याने, परवानगी मिळते. आता मी म्हणते "हे मला तीनदा करावं लागलं होतं, चौथ्यांदा जमलं", जे खरंही आहे. घरी उदाहरण अडलं तर आईनेच पुस्तक उघडून बसायचं, उत्तर नाही आलं तरी चालेल, बसलेली दिसली पाहिजे. आणि किराणाची यादी, गॅसचा हिशोब, बचत गटाची वही जी बाई चालवते तिने स्वतःला गणित येत नाही म्हणणं म्हणजे तर कमालच आहे.

जिथे बाई पाहिजेतच

इथे मी अजिबात मधलं बोलणार नाही. शिकवण्याचा प्रश्न वेगळा आणि शाळेत येण्याचा, टिकण्याचा, सुरक्षित वाटण्याचा प्रश्न वेगळा. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली तेव्हा शिकवायला सावित्रीबाई स्वतः उभ्या राहिल्या, त्या काळात वर्गात बाई दिसणं हीच पोरींसाठी केवढी मोठी गोष्ट. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून जे ऑपरेशन ब्लॅकबोर्ड आलं त्यातही हाच विचार होता, एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक द्यायचा आणि होता होईल तो दोघांत एक बाई.

आजही पाचवी ते आठवीच्या वर्गात मुली असतील आणि शाळेत एकही बाई नसेल तर तो विषय लावून धरा. पाळी मध्येच आली तर पोरगी सरांना काय सांगणार, ती सरळ चार दिवस घरी राहते, आणि महिन्याचे चार दिवस गेले तर गणिताची साखळी तुटतेच. सहल, मुक्कामी शिबिर, तालुका-जिल्ह्याच्या क्रीडा स्पर्धा, इथे मुलींबरोबर महिला शिक्षक नसेल तर पाठवणार नाही असं स्पष्ट सांगा. मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते ती सखी सावित्री समिती कागदावर आहे का खरी आहे, शेवटची बैठक कधी झाली, तक्रारपेटी कोण उघडतं, हेही विचारा. पद लगेच मिळणार नाही हे मलाही माहितीये, बदल्या आणि भरती आपल्या हातात नाही, पण तोवर गावातल्या आशाताई किंवा अंगणवाडीच्या ताई आठवड्यातून एक दिवस शाळेत येऊन मुलींशी बोलतील एवढं समिती ठरवू शकते. आमच्या शेजारच्या वस्तीवर केलंय असं, पॅडचा डबा कुठे आहे हे पोरींना ताईंनी दाखवलं आणि प्रश्न निम्मा सुटला.

आणि सरांचं काय? शिस्तीसाठी सर पाहिजेत हे मी तरी मानत नाही, धाकाने शांत बसलेला वर्ग आणि शिकणारा वर्ग एक नसतो. पण बालवाडीपासून चौथीपर्यंत एकही पुरुष शिक्षक न पाहिलेली मुलं असतात, शहरात तर सर्रास, त्यांना पहिलीला गाणी म्हणणारे, नाक पुसणारे सर मिळाले तर मार्क वाढतील असं नाही म्हणत मी, पण माझ्या पोराला मिळाले होते आणि मला फार आवडलं होतं ते.

भेटायला जाताना

एवढं सगळं करून तरी काहीतरी चुकतंय असं वाटलं तर मग शिक्षकांना भेटा, पालकसभेत नको, सगळ्यांसमोर तर नकोच, शाळा सुटल्यावर वेळ मागून. वही बरोबर न्या. "आधीचे सर असं शिकवायचे" हे वाक्य तोंडावर आलं तरी गिळा, त्यापुढचं माणूस काही ऐकतच नाही, अनुभव आहे. असं बोला, "बाई, ही व्यवहारी अपूर्णांकाची चूक तीन आठवडे तशीच येतेय, घरी आम्ही काय करू?" यात तक्रारही झाली आणि बाईंना उत्तर द्यायला जागाही राहिली. त्या काय सांगतात ते तारीख घालून वहीच्या मागे लिहा आणि महिनाभर थांबा. महिन्याने तीच चूक तशीच असेल तर मुख्याध्यापक, त्यांच्याकडून काही हललं नाही तर केंद्रप्रमुख, दोन्हीकडे तीच वही घेऊन.

दिवाळीच्या आधी प्रथम सत्राचा पेपर होतो, सुट्टीनंतर तो बघायला मिळतो. तो जूनच्या वहीशेजारी ठेवून बघा. तोवर ग्रुप म्यूट केला तरी चालतंय.